७६००, ७७००, ९६००एक्स की ९७००एक्स? विदर्भातला उन्हाळा, एअर कूलर आणि ओव्हरक्लॉकिंग

अकोला_१२व्होल्ट

राम राम मंडळी. एएम५ (एएमडीच्या रायझन प्रोसेसरांचा सॉकेट) वर नवं मशीन जुळवतोय आणि गाडी प्रोसेसरपाशी अडली आहे. यादीत सहा नावं आहेत: रायझन ५ ७६००, ७६००एक्स, रायझन ७ ७७००, ७७००एक्स आणि पुढच्या पिढीतले ९६००एक्स, ९७००एक्स. पाण्याचा कूलर बसवायचा नाही हे नक्की. एअर कूलरवर जेवढं ओव्हरक्लॉक (कारखान्याच्या वेगापेक्षा जास्त) होईल तेवढं पुरे, पण ते बाराही महिने टिकलं पाहिजे.

काम असं: दिवसा सी++ चा मोठा प्रकल्प सतत कंपाइल होतो, संध्याकाळी १४४०पी वर गेम. घेऊन ठेवलेलं सामान: आरटीएक्स ४०७० सुपर, डीडीआर५-६००० सीएल३० एक्स्पो रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई, पुढे जाळी असलेलं कॅबिनेट (पुढे १४० मिमीचे दोन फॅन, मागे १२० चा एक). मदरबोर्ड घ्यायचा आहे. दुकानदार ए६२० गळ्यात मारू बघतोय.

ठिकाण अकोला. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश, आत डेझर्ट कूलर लावून खोली ३६ ते ३८. एसी नाही.

विचारायचं हे: ओव्हरक्लॉकच्या दृष्टीने एक्स आणि बिनएक्स यांत खरा फरक किती? सहा कोअर की आठ? आणि सगळे कोअर ५.२ वर लॉक करावेत, की पीबीओच्या (प्रोसेसरच्या आपोआप बूस्टच्या मर्यादा सैल करणारी एएमडीची सोय) वाटेने जावं?

पीपीटी_पाटील

आधी यादी निम्मी करू. ७६०० आणि ७६००एक्स यांच्या आत झेन ४ चं (७००० मालिकेची रचना) तेच सिलिकॉन आहे: सहा कोअर, ३२ एमबी एल३ कॅश. ७७०० आणि ७७००एक्सचंही तसंच, फक्त कोअर आठ. फरक तीनच: कारखान्यातून घालून दिलेली विजेची मर्यादा, बूस्टची कमाल आणि खोक्यात कूलर मिळतो की नाही. (७६०० बरोबर रेथ स्टेल्थ, ७७०० बरोबर रेथ प्रिझम मिळतो. एक्सबरोबर काही नाही.)

मर्यादेचं गणित सोपं आहे. एएम५ वर टीडीपीला (प्रोसेसरचा जाहीर वॅटचा आकडा) १.३५ ने गुणलं की पीपीटी मिळतो, म्हणजे सॉकेटला प्रत्यक्ष किती वॅट घेऊ द्यायचे तो आकडा. ६५ वॅटवाल्यांना (७६००, ७७००) पीपीटी ८८ वॅट, टीडीसी (सततच्या प्रवाहाची मर्यादा) ७५ अँपिअर, ईडीसी (क्षणिक प्रवाहाची मर्यादा) १५० अँपिअर. १०५ वॅटवाल्यांना (७६००एक्स, ७७००एक्स) १४२, ११० आणि १७०. हे तिन्ही आकडे बायोसमध्ये बदलता येतात, दोन्ही दिशांना. ७७००एक्सला ८८ वर आणला की तो जवळजवळ ७७०० होतो; ७७०० ला १४२ दिले की तो ७७००एक्सच्या मागोमाग येतो.

राहतो बूस्टचा प्रश्न. जाहीर आकडे: ७६०० ला ५.१ गिगाहर्ट्झ, ७६००एक्स आणि ७७०० ला ५.३, ७७००एक्स आणि ९६००एक्सला ५.४, ९७००एक्सला ५.५. पीबीओमधला बूस्ट ओव्हरराइड जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झ वाढवून देतो. म्हणजे ७६०० ला पूर्ण ताणला तर तो ७६००एक्सच्या मूळ आकड्यापाशी येतो, तर ७६००एक्स तिथून आणखी वर सरकू शकतो. पण ५.१ आणि ५.३ मधला फरक चार टक्क्यांच्याही आत आहे, आणि १४४०पी वर ४०७० सुपर बहुतेक गेममध्ये स्वतःच आधी दमतं. एअर कूलरवर खेळणाऱ्याने एक्ससाठी वरचे पैसे मोजू नयेत, हे माझं स्पष्ट मत. किंमत सारखी असेल तर गोष्ट वेगळी.

९६००एक्स आणि ९७००एक्स या नियमात बसत नाहीत. नावात एक्स असून दोन्ही ६५ वॅटचेच, पीपीटी ८८. ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आले तेव्हा ९७००एक्सच्या आठ कोअरना हे ८८ वॅट कमी पडतात अशी ओरड झाली. मग अजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.२ पासून बायोसमध्ये १०५ वॅटचा पर्याय आला, आणि तो वापरल्याने वॉरंटी जात नाही. पीबीओ चालू केलं की मात्र एएमडीच्या लेखी ते ओव्हरक्लॉकिंग ठरतं, त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

तुमच्या कामाला आठ कोअर घ्या. कंपाइलिंग कोअर खातं. तिथे जुना ७७०० सुद्धा सहा कोअरच्या ९६००एक्सला मागे टाकतो. गेममध्ये उलट, ९६००एक्स थोडा पुढे. म्हणजे निवड उरते ७७०० आणि ९७००एक्सची, आणि ती ज्या दिवशी खरेदी कराल त्या दिवशीच्या भावाने करा. (जाता जाता: १६ थ्रेडवर १६ फायली एकदम कंपाइल करताना टेम्प्लेटने भरलेली एकेक फाइल एक-दोन जीबी सहज घेते. ३२ जीबी रॅम काठावर आहे. वेग अचानक पडला तर प्रोसेसरला दोष देण्याआधी स्वॅप बघा.)

मदरबोर्ड: ए६२० नको. त्यावर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग बंद आहे, रॅमचं चालतं. नव्या मालिकेतल्या बी८४० चंही तेच, त्यामुळे नावातला ८ बघून भुलू नका. बी६५० किंवा बी८५० घ्या. व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग) धातूचा हीटसिंक असलेला कुठलाही मधल्या फळीचा बोर्ड १४२ वॅट आरामात पेलतो, सोळा फेजची हौस करायची गरज नाही. बी६५० वर ९७००एक्स बसवणार असाल तर मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते बघून घ्या. दुकानात पडून असलेल्या बोर्डाचा बायोस जुना असतो, त्याला ९००० मालिका ओळखू येत नाही आणि पडदा काळा राहतो.

हीटपाइप_हरी

पाटलांनी वॅट सांगितले, मी अंश सांगतो. अकोल्यात निवड त्यावरच ठरणार आहे.

या प्रोसेसरमध्ये कोअर असलेला चिपलेट जेमतेम ७० चौरस मिमीचा, करंगळीच्या नखाएवढा. त्यातून शंभराच्या आसपास वॅट बाहेर काढायचे. वरची धातूची टोपीही जाड आहे, कारण एएम४ चे कूलर बसावेत म्हणून उंची जुळवलेली आहे. त्यामुळे उष्णता अडते ती चिपलेट ते टोपी या टप्प्यात, कूलरच्या पात्यांत नाही. पीअरलेस असॅसिनच्या जागी तिप्पट किमतीचा कूलर लावला तरी पाच-सात अंशांपलीकडे फरक पडत नाही तो यामुळेच. पात्यांना हात लावला तर कोमट आणि पडद्यावर ९५ अंश, असं दिसलं तर कूलर नीट बसला नाही अशी शंका लोकांना येते. बहुतेकदा तो नीटच बसलेला असतो.

आता हिशेब. समजा २५ अंशांच्या खोलीत ८८ वॅटवर तुमचा प्रोसेसर ७० दाखवतो. म्हणजे खोलीपेक्षा ४५ वर. वॅट वाढले की हा फरक जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो: १४२ वॅटवर ७२-७३. तीच खोली मेमध्ये ३८ झाली की ८८ वॅटला ८३ अंश, आणि १४२ वॅटला ११०. तो ११० कधीच होणार नाही, कारण ९५ ला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे उन्हाळ्यात तुम्ही दिलेल्या १४२ पैकी ११०-११५ च्या पुढचे वॅट त्याला वापरताच येणार नाहीत, फक्त पंखे ओरडतील. गेम चालू असताना ४०७० सुपर आणखी २२० वॅट कॅबिनेटमध्ये ओततं, त्यामुळे कूलरच्या तोंडाशी हवा खोलीपेक्षा पाच-सहा अंश गरम असते, तेही यात धरा. गेममध्ये प्रोसेसर स्वतः कमी वीज खातो म्हणून निभावतं.

९५ अंश हे झेन ४ मध्ये बिघाडाचं लक्षण नाही, एएमडीने तिथवर चालण्यासाठीच तो बनवला आहे. तरी बायोसमध्ये प्लॅटफॉर्म थर्मल थ्रॉटल लिमिट ८५ ला बांधून टाका. वेग दोन-तीन टक्के जाईल, आवाज बराच जाईल.

बसवताना:

एएम५ ची मागची पाटी सॉकेटच्या स्क्रूनी धरलेली असते, ती काढायची नाही. फक्त वरचे प्लास्टिकचे दोन कंस चार स्क्रू काढून बाजूला करायचे आणि त्याच भोकांत कूलरचे स्टँड ऑफ बसवायचे. चिपलेट टोपीच्या मध्याखाली नसतो, ग्राफिक्स कार्डाच्या बाजूला सरकलेला असतो. नॉक्टुआसारखे काही उत्पादक त्यासाठी ७ मिमी सरकवलेल्या पट्ट्या देतात आणि त्यातून एक ते तीन अंश सुटतात. तुमच्या कूलरच्या पट्ट्यांना जास्तीची भोकं असतील तर सॉकेटच्या खालच्या अंगाची निवडा. दोन स्क्रू आळीपाळीने, दोन-दोन फेरे. एक पूर्ण आवळून मग दुसरा आवळला की तळ तिरका बसतो आणि पेस्ट एका कडेला पळते.

टोपीला कडेने खाचा आहेत, आत बारीक कपॅसिटर दिसतात. पेस्ट वीजवाहक नसेल तर तिथे थोडी गेली तरी बिघडत नाही, पण साफ करताना वैताग येतो. पातळ थर पसरून लावा, डोंगर नको. लिक्विड मेटल या टोपीवर अजिबात नको.

उंची १५५ मिमी. पुढचा फॅन रॅमवर येतो. रॅमचा हीटसिंक उंच असेल तर फॅन वर सरकवावा लागतो, म्हणजे कॅबिनेटमध्ये १६५ मिमीच्या आसपास जागा हवी. काच लावण्याआधी मोजा.

फॅनच्या कर्व्हमध्ये स्टेप-अप टाइम तीन ते पाच सेकंद ठेवा. रायझनचं तापमान ब्राउझर उघडला तरी १५ अंश उडी मारतं, विलंब नसेल तर फॅन दिवसभर हुंदके देतो.

आणि डेझर्ट कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर सोडू नका. ओल धरण्याची भीती वाटते तशी नाही. चालू मशीन खोलीपेक्षा गरम असतं, त्यावर दव जमत नाही. पण बोअरच्या जड पाण्याचे तुषार पुढच्या जाळीवर आणि पात्यांवर पांढरा थर सोडतात, आणि तो ब्लोअरने निघत नाही. झोत भिंतीकडे, खिडकी किलकिली, मशीन कोपऱ्यात भिंतीपासून वीतभर लांब.

निळा_गोट

सगळे एएमडीच्याच मागे का? १४६००के बघा की. ६ पी आणि ८ ई कोअर, २० थ्रेड, कंपाइलिंगमध्ये ९७००एक्सच्या पुढे, मल्टिप्लायर उघडा. आणि फक्त गेम असते तर मी ७८००एक्स३डी सांगितला असता, तो विषयच वेगळा.

पीपीटी_पाटील

@निळा_गोट, कंपाइलिंगबद्दल बरोबर आहात. पण धागा एअर कूलरचा आणि अकोल्याचा आहे. १४६००के ची कमाल टर्बो मर्यादा १८१ वॅट, तीही ओव्हरक्लॉकच्या आधी. मल्टिप्लायरला हात लावायचा तर झेड६९० किंवा झेड७९० बोर्डच लागतो, बी७६० वर तो बंद. शिवाय १३व्या-१४व्या पिढीचा व्होल्टेजचा घोळ: त्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये ०x१२९, मग ०x१२बी आणि मे २०२५ मध्ये ०x१२एफ असे मायक्रोकोड आले. ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत त्यांनी बायोस अद्ययावत करून चालवावेत, नीट चालतात. पण वाढीव व्होल्टेजने झिजल्याचा इतिहास असलेल्या मालिकेवर नव्याने पैसे घालून पुन्हा व्होल्टेज वाढवायचं, हे मला पटत नाही. आणि तो सॉकेट संपला आहे. एएम५ ला एएमडीने २०२७ आणि पुढेपर्यंत शब्द दिलेला आहे.

७८००एक्स३डी चा मल्टिप्लायर बंद आहे आणि तापमानाची हद्द ८९. कर्व्ह ऑप्टिमायझर (बूस्टसाठीचं व्होल्टेज कमी करण्याची सोय) तेवढा चालतो. गेमसाठी अव्वल, पण आठही कोअरनी कंपाइल करायचं तर बूस्ट ५.० ला अडलेला. ९८००एक्स३डी मध्ये कॅश चिपलेटच्या खाली गेली, मल्टिप्लायर उघडला, किंमतही उघडली.

कर्व्ह_कर्वे

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो. सगळे कोअर ५.२ वर लॉक करू नका.

कारण तुमच्याच कामात आहे. पूर्ण बिल्डमध्ये आठही कोअर जुंपलेले असतात, पण एक फाइल बदलून पुन्हा बिल्ड केलं की एक कोअर कंपाइल करतो आणि नंतरचं लिंकिंग बरेचदा एकदोन थ्रेडवरच रेंगाळतं. दिवसभरात हेच जास्त वेळा होतं. लॉक केलेल्या मशीनमध्ये तेव्हा ५.५ च्या जागी ५.२ मिळतात. वर आठही कोअरना ५.२ साठी लागणारं व्होल्टेज कायम भरलेलं. एअर कूलरवर स्थिर व्होल्टेज द्यायचंच झालं तर १.२५ च्या वर नेण्यात अर्थ नसतो, आणि तेवढ्यात झेन ४ चे सगळे नग प्राइम९५ मध्ये (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) ५.२ धरत नाहीत.

एअर कूलरवर ओव्हरक्लॉक होतं ते व्होल्टेज कमी करून. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे आकडा दिला की त्याच वेगाला कमी व्होल्टेज लागतं, उष्णता घटते, आणि उरलेल्या वॅटमध्ये प्रोसेसर स्वतः वर चढतो. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलीव्होल्ट.

क्रम असा ठेवा, कारण सगळं एकदम चालू केलं की कशामुळे अडलं ते कळत नाही:

१. सगळं डिफॉल्ट. बायोस अद्ययावत. एचडब्ल्यूइन्फो६४ (वेग, तापमान दाखवणारं) चालू ठेवून सिनेबेंच आर२३ (वेग मोजणारी चाचणी) दहा मिनिटं, गुण आणि तापमान लिहून ठेवा. हे तुमचं शून्य.

२. आता फक्त एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाला चालवणारं प्रोफाइल). पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंगला काही मिनिटं पडदा काळा राहतो. घाबरून बटण दाबू नका. चालू झाल्यावर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) बघा. काही बोर्ड ते ऑटोवर १.३० ला नेऊन ठेवतात, आणि १.३० हीच एएमडीने २०२३ मध्ये प्रोसेसर जळाल्यानंतर घालून दिलेली कमाल आहे. हाताने १.२० ते १.२५ द्या, ६००० ला पुरतं. यूसीएलके (मेमरी कंट्रोलरचा वेग) आणि एमसीएलके (रॅमचा) दोन्ही ३०००, एफसीएलके (चिपलेटना जोडणाऱ्या दुव्याचा) २०००. टेस्टमेम५ (रॅमची चाचणी) रात्रभर. पुढे ३२ जीबी कमी पडली तर आणखी दोन स्टिक खोचू नका. चार स्टिकना अधिकृत वेग फक्त ३६०० आहे, ६००० सहसा धरत नाहीत. दोन काढून ३२ जीबीच्या दोन घाला.

३. पीबीओ ॲडव्हान्स्ड. लिमिट्स मॅन्युअल, सुरुवातीला कारखान्याचेच आकडे. बूस्ट ओव्हरराइड शून्य. कर्व्ह ऑप्टिमायझर ऑल कोअर उणे १५.

४. कोअरसायकलर चालवा. ही छोटी स्क्रिप्ट एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ लावते. एसएसई मोड घ्या, कारण त्यात बूस्ट सर्वांत वर जातो. रात्रभर. जो कोअर चुकेल त्याचं नाव ती लिहून ठेवते.

५. आता ऑल कोअर सोडून पर कोअरवर या. चुकलेल्याचा उणे आकडा पाचने कमी करा (उणे १५ चा उणे १०), टिकलेल्यांचा पाचने वाढवा (उणे २०), पुन्हा रात्रभर. बहुतेक नग उणे १५ ते २५ मध्ये स्थिरावतात, रायझन मास्टर ज्या दोन कोअरना तारा लावतो ते उणे ५ ते १० वरच थांबतात. कारखान्याने त्यांच्याकडून आधीच सर्वाधिक काढून घेतलेलं असतं, चढवायला जागा उरत नाही.

६. शेवटी बूस्ट ओव्हरराइड, ५० च्या टप्प्याने. प्रत्येक टप्प्याला चौथी पायरी पुन्हा.

'सगळ्यांना उणे ३० टाकलं, सिनेबेंच पास, काम तमाम' असं सांगणारे भेटतील. सिनेबेंच आठही कोअर वापरतो, तेव्हा वेग खाली असतो आणि व्होल्टेजची तंगी जाणवत नाही. मशीन मरतं ते दुसऱ्या दिवशी, काही न करता नुसतं डेस्कटॉपवर असताना, कारण एकटा कोअर क्षणभर ५.५ ला उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज कमी पडतं. निळा पडदाही येत नाही, सरळ रीस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची १८ क्रमांकाची नोंद शोधा. तिच्यात एपिक आयडी असतो; त्याला दोनने भागून अपूर्णांक सोडला की साधारणपणे कोअरचा क्रमांक मिळतो, मोजणी शून्यापासून. एपिक आयडी ७ म्हणजे कोअर ३. त्याला पाचने मोकळा करा.

दुसरी फसगत म्हणजे ताणलेला क्लॉक. व्होल्टेज फार कमी झालं की प्रोसेसर कोसळत नाही, आतल्या आत घड्याळ लांबवतो. एचडब्ल्यूइन्फोच्या कोअर क्लॉकमध्ये ५.५ दिसतं, इफेक्टिव्ह क्लॉकमध्ये पूर्ण भाराखाली ५.३. दोन आकड्यांत २०-३० मेगाहर्ट्झपेक्षा जास्त तफावत असेल तर तुम्ही वेग घालवला आहे. गिगाहर्ट्झ बघू नका, गुण बघा. तुमच्यासाठी सर्वांत चांगली चाचणी तुमचाच प्रकल्प: क्लीन बिल्डला किती सेकंद लागतात ते.

झेन ५ साठी (९००० मालिका) एक जास्तीचं. त्यात एव्हीएक्स-५१२ (एका फटक्यात बरेच आकडे हाताळणाऱ्या सूचना) पूर्ण रुंदीने चालतं, झेन ४ मध्ये ते २५६ च्या दोन फेऱ्यांत होतं. म्हणून ९७००एक्सवर वाय-क्रंचर (तसल्या सूचना वापरणारी चाचणी) लावल्याशिवाय कर्व्ह पक्का समजू नका. ९००० मालिकेत कर्व्ह शेपरही मिळतो, त्यात वेग आणि तापमानाच्या पट्ट्यांनुसार व्होल्टेज बदलता येतं. आधी साधा कर्व्ह जमवा, शेपर नंतर.

सॉकेट_सोलापुरी

थोडक्यात विरोधी सूर. भाऊंचं काम कंपाइलिंगचं आहे, अडलेल्या दिवसाची किंमत मोठी. कंपायलर हे फार निर्दय स्थैर्यपरीक्षक असतं: गेम जिथे तासन्‌तास चालतो तिथे जीसीसी मध्येच इंटर्नल कंपायलर एरर देतो, आणि तीच फाइल पुन्हा कंपाइल केली की बिनतक्रार होते. असं दिसलं की चूक कोडची नाही, रॅम किंवा कर्व्हची आहे. त्याहून वाईट म्हणजे चूक न दाखवता चुकीचं बायनरी बाहेर पडणं. मी असतो तर तारेवाल्या कोअरना शून्य ठेवलं असतं, बाकीच्यांना उणे १०, आणि विषय संपवला असता. शेवटच्या दोन टक्क्यांसाठी उत्पादनाच्या मशीनवर कडेलोटाशी खेळू नये.

खरेदी करताना ट्रेमधला (बिनखोक्याचा सुटा) नग स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. खोक्यातल्या प्रोसेसरला एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेवाल्याला दुकानदार देईल ती, आणि दुकानदार असेपर्यंत.

अकोला_१२व्होल्ट

सगळ्यांचे आभार. ७७०० आणि ९७००एक्स यांच्या भावात इथे सध्या फारसा फरक नाही, त्यामुळे ९७००एक्स आणि फ्लॅशबॅकवाला बी६५० ठरवला. शेवटचा प्रश्न: १०५ वॅटचं बटण आणि कर्व्ह ऑप्टिमायझर एकत्र वापरायचे का? आणि उन्हाळ्यासाठी पीपीटी किती ठेवू?

कर्व्ह_कर्वे

कर्व्ह ऑप्टिमायझर पीबीओच्याच मेन्यूत आहे, त्यामुळे तो वापरलात की वॉरंटीचं कलम लागू होतंच. मग १०५ चं बटण वेगळं दाबायची गरज नाही. पीबीओ लिमिट्स मॅन्युअल करून आकडे स्वतः भरा. 'मदरबोर्ड' हा पर्याय मात्र टाळा. तो मर्यादा इतकी वर नेतो की अडवायला फक्त ९५ अंश उरतात.

आकडे भरताना एकक बघा. काही बोर्ड वॅट मागतात, काही मिलीवॅट. मिलीवॅटच्या चौकटीत ११० लिहिलं तर त्याचा अर्थ ०.११ वॅट, आणि प्रोसेसर रांगायला लागतो. तिथे ११०००० लिहायचे. अँपिअरलाही तसंच. मशीन अचानक अर्ध्या गिगाहर्ट्झवर आलं तर पहिली तपासणी हीच.

८८ वरून १४२ ला गेल्याने आठही कोअरच्या कामात साधारण १० टक्क्यांच्या आसपास वाढ मिळते, गेममध्ये जवळपास काही नाही, आणि त्या वाढीचा मोठा वाटा ११०-१२० पर्यंतच पदरात पडतो. म्हणून बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवा. मार्च ते जून: पीपीटी ८८, टीडीसी ७५, ईडीसी १५०. बाकी वर्ष: पीपीटी ११५, टीडीसी ९५, ईडीसी १६०. दोन्हींत थर्मल लिमिट ८५, एसओसी १.२०, तोच कर्व्ह. प्रोफाइल पेनड्राइव्हवरही काढून ठेवा. बायोस अपडेट केला की बोर्डातली प्रोफाइल पुसली जातात, आणि जुनी फाइल नव्या बायोसला चालेलच असं नाही, म्हणून पडद्याचे फोटोही असू द्या.

हीटपाइप_हरी

यात एक भर. कर्व्ह मेमध्ये जुळवलात तर डिसेंबरात तो पुन्हा तपासावा लागेल. खोली गरम असताना प्रोसेसर कमाल बूस्टला क्वचितच पोचतो, म्हणून उणे २५ पचून जातो. थंडीत सकाळी सकाळी खोली १४-१५ ला असते, एकटा कोअर बिनधास्त ५.५ ला जातो आणि तिथेच कोसळतो. थंडीच्या पहिल्या आठवड्यात मशीन रात्रभर बंद ठेवून सकाळी लावल्या लावल्या कोअरसायकलरची एक फेरी घ्या, तारेवाल्या दोन कोअरपासून सुरुवात करून.